साहित्यिक कार्यक्रमाला जाताना : आमंत्रणापासून सहीच्या रांगेपर्यंत

नव्याने लिहायला लागलेला माणूस पुस्तक प्रकाशनाला निघतो तेव्हा त्याच्या मनात दोन गोष्टी असतात. तिथे आपल्या ओळखीचं कुणी नसणार, ही धास्ती. आणि ओळखी करून घ्यायलाच हव्यात, हा हट्ट. मग तो जातो, शेवटच्या रांगेत बसतो, आभारप्रदर्शन सुरू झालं की हळूच सटकतो आणि घरी येऊन म्हणतो, ‘त्या मंडळींचा कंपू आहे.’ कंपू असतोही कधीकधी, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा झालेलं वेगळंच असतं : बाकीचे पुस्तकासाठी आलेले असतात आणि हा माणसांसाठी. ओळखी करायच्या म्हणून गेलं की ओळखी होत नाहीत, पुस्तकाबद्दल बोलता बोलता त्या होऊन जातात. पुढे जे जे सांगतोय ते या एका गोष्टीला धरून आहे.

आधी एक जागा निवडा

साहित्यिक कार्यक्रम सगळे सारखे नसतात. प्रकाशन समारंभात पुस्तक आणि त्याचं कौतुक केंद्रस्थानी असतं. तिथे प्रश्नांना वेळ मिळेलच असं नाही. लेखकाशी गप्पांच्या कार्यक्रमात तो हमखास मिळतो. खुल्या मंचावर नाव नोंदवून कुणीही वाचू शकतं. वाचकगटात सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं असतं. आणि लेखनगटात एकमेकांचे कच्चे मसुदे वाचून त्यावर बोलायचं असतं. तिथे मात्र पहिल्याच दिवशी थेट जाऊन बसू नये, आधी विचारावं. काही गट ठरावीक सदस्यांपुरतेच असतात आणि त्याला कारणही असतं : अर्धवट लिहिलेलं अनोळखी माणसासमोर उघडं करणं सोपं नाही.

हे सगळं कुठे कळतं? ग्रंथालयाचा सूचनाफलक, पुस्तकांची दुकानं, महाविद्यालयांचे भाषाविभाग, प्रकाशकांची पत्रकं. यांतल्या दोन-तीन ठिकाणी नियमित डोकावलं तरी पुरे, कारण एका कार्यक्रमाला गेलं की पुढच्या दोन-तीन कार्यक्रमांची माहिती तिथेच कानावर पडते. वर्षातल्या काही तारखांभोवती कार्यक्रमांची दाटी असते : २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन, २१ मार्च हा जागतिक कविता दिन, २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन आणि ३० सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन. नवख्याने या दिवसांच्या आठ-दहा दिवस आधी फलक बघायला सुरुवात करावी.

मोठ्या महोत्सवांना जरूर जा, पण तिथून ऐकण्याची अपेक्षा ठेवा, ओळखींची नको. हजारो माणसांत कुणी कुणाला लक्षात ठेवत नाही. त्यापेक्षा दर महिन्याला भरणारा, वीस-पंचवीस माणसांचा एखादा कार्यक्रम धरा आणि त्याला सलग काही महिने जात राहा. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणीतरी ‘मागच्या वेळी दिसला नाहीत’ म्हणतं, तेव्हा तुम्ही त्या वर्तुळात आलेले असता. आज जगभर शाखा असलेली ‘पेन’ ही लेखकांची संघटनासुद्धा १९२१मध्ये लंडनमध्ये सुरू झाली ती लेखकांनी एकत्र जेवायला जमावं एवढ्याच हेतूने. सुरुवात केली होती कॅथरिन एमी डॉसन स्कॉट या लेखिकेने. लेखन-भाषणाच्या स्वातंत्र्यासाठी लढणं वगैरे सगळं नंतर आलं. आधी आली ती नेमाने एका टेबलाशी बसणारी माणसं.

घरची तयारी : वीस पानं आणि ऋणनिर्देश

आमंत्रण नीट वाचा. नावनोंदणी हवी आहे का, प्रवेश विनामूल्य आहे का, मंचावर कोण कोण आहे, अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादक येणार आहे का? (अनुवादक येणार असेल तर तो कार्यक्रम सोडू नका. लेखकाला जे स्वतःच्या पुस्तकाबद्दल माहीत नसतं ते अनेकदा अनुवादकाला माहीत असतं, कारण प्रत्येक वाक्याशी त्याची झटापट झालेली असते.)

नावनोंदणी केली असेल आणि जाणं जमत नसेल, तर तसं कळवा. छोट्या कार्यक्रमात खुर्च्या आणि प्रती याच आकड्यावर मागवलेल्या असतात. फुकट आहे म्हणून नाव टाकून ठेवायचं आणि ऐनवेळी जायचं नाही, हा प्रकार फार बोकाळला आहे.

पूर्ण पुस्तक वाचून जाण्याची कुणाचीच अपेक्षा नसते. प्रकाशनाच्या दिवशी तर ते शक्यही नसतं. पण लेखकाचं काहीतरी वाचून जा. आधीच्या पुस्तकाची वीस पानं, एखादी कथा, एखादी मुलाखत. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याने पुढचे दोन तास निराळेच होतात.

आधीचं पुस्तक हातात असेल तर एक गोष्ट कराच. शेवटची, किंवा कधी सुरुवातीची, ऋणनिर्देशाची पानं उघडा. बहुतेक वाचक ती ओलांडून जातात. पण त्या गावातलं लेखनाचं जग कसं गुंफलेलं आहे, ते तिथे उघड लिहिलेलं असतं : पहिला खर्डा कुणी वाचला, संपादन कुणी केलं, कोणत्या गटात प्रकरणं वाचून दाखवली, कोणत्या ग्रंथपालाने जुने अंक शोधून दिले, मुखपृष्ठ कुणाचं. यांतली निम्मी माणसं त्या संध्याकाळी सभागृहात असतात. ‘तुमचं नाव मी ऋणनिर्देशात वाचलं होतं, तुम्ही संपादन केलंत ना?’ एवढ्या एका वाक्यावर संपादक जितका खुलतो तितका लेखक स्वतःच्या कौतुकाने खुलत नाही. संपादकाला असं कुणी विचारतच नाही.

लाजाळू असाल तर लवकर पोहोचा

हा सल्ला उलटा वाटतो, पण खरा आहे. लाजाळू माणूस मुद्दाम उशिरा जातो, म्हणजे कुणाशी बोलावं लागणार नाही. प्रत्यक्षात उशिरा गेलं की सगळीकडे घोळके झालेले असतात आणि त्यांत शिरणं धीट माणसालाही अवघड जातं. वीस मिनिटं आधी गेलात तर सभागृहात पाच-सहाच माणसं असतात. त्यांतली दोघं खुर्च्या लावत असतात, एक जण माइकशी खटपट करत असतो आणि एक जण पुस्तकांचं टेबल मांडत असतो. ‘काही मदत करू का?’ म्हणा. हातात काम असलं की बोलण्याचा ताण राहत नाही, आणि ही खुर्च्या लावणारी मंडळीच बहुधा कार्यक्रम चालवणारी असतात.

बसायला तिसरी-चौथी रांग बरी. पहिल्या रांगा बऱ्याचदा पाहुण्यांसाठी राखलेल्या असतात आणि शेवटच्या रांगेत ऐकण्यापेक्षा कुजबुजच जास्त कानावर येते. मध्येच निघावं लागणार असेल तर कडेची खुर्ची घ्या. ऐकू कमी येत असेल किंवा पायऱ्या चढणं जमत नसेल, तर आदल्या दिवशीच आयोजकांना कळवा. ऐनवेळी सोय करायची त्यांची कितीही इच्छा असली तरी जागा हाताशी नसते. कपड्यांचा विचार करू नका. तिथे कुणी बघत नाही.

ऐकताना

फोन बंद करून खिशात. फोटो एखाद-दुसरा चालतो, तोही भाषण चालू असताना उभं राहून नाही. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर विचारून करा. लेखक कधीकधी अजून न छापलेलं वाचत असतो आणि त्याचा तुकडा दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरावा असं त्याला वाटत नसतं.

एक छोटी वही जवळ असू द्या. भाषणं उतरवून घ्यायला नव्हे. लेखक स्वतःचा उतारा वाचतो तेव्हा दोन गोष्टी टिपा : त्याने नेमका हाच भाग का निवडला असेल, आणि वाचताना त्याने काय गाळलं. गाळतात, सगळेच गाळतात. चार्ल्स डिकन्स १८५८पासून तिकीट लावून स्वतःचं लेखन वाचून दाखवू लागला, तेव्हा त्यासाठी त्याने वेगळ्या प्रती तयार केल्या होत्या. त्यांत मजकुराची काटछाट केलेली, शब्द अधोरेखित केलेले आणि समासात आवाज-हावभावांच्या खुणा होत्या. पानावरचं लेखन आणि कानावरचं लेखन यांतलं अंतर जाणकार लेखक कसं मिटवतो हे बघायला अशा कार्यक्रमांइतकी चांगली जागा नाही. तुम्ही लिहिणारे असाल तर इथे टिपलेलं उद्या तुम्हाला मंचावर उपयोगी पडेल.

प्रश्न विचारायचा तर

प्रश्नोत्तरं सुरू झाली की एक सद्गृहस्थ उभे राहतात. माइक हातात घेतात, तो चालू आहे का हे फुंकर मारून बघतात आणि म्हणतात, ‘माझा प्रश्न असा नाही, एक छोटीशी टिप्पणी आहे.’ मग ते स्वतः कधी, कसं लिहायला लागले तिथून सुरुवात होते. मंचावरचा लेखक मान डोलावत राहतो, सूत्रसंचालक घड्याळाकडे बघतो, आणि मागे हात वर करून बसलेली एक मुलगी हळूहळू हात खाली घेते. ते गृहस्थ आपण होऊ नये, एवढं जपलं तरी पुष्कळ.

चांगला प्रश्न एका श्वासात विचारून होतो, त्याच्या शेवटी खरोखरच प्रश्नचिन्ह असतं आणि ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांनाही तो कळतो. समजा, कादंबरी एका नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडून सांगितलेली आहे. ‘या कादंबरीमागची प्रेरणा काय?’ असं विचारलंत तर लेखक आजवर दहा ठिकाणी दिलेलं उत्तर अकराव्यांदा देईल. ‘आजी पहिल्या तीन प्रकरणांत सगळीकडे आहे आणि मग एकदम दिसेनाशी होते, हे आधी ठरलं होतं की लिहिता लिहिता झालं?’ असं विचारलंत तर त्याला थांबून आठवावं लागेल. ते थांबणं म्हणजे तुमचा प्रश्न लागला. शेवट मात्र फोडू नका. सभागृहातल्या निम्म्या लोकांनी पुस्तक नुकतंच विकत घेतलेलं असतं.

पुस्तक वाचलेलं नसेल तर नुकत्याच ऐकलेल्या उताऱ्यावर विचारा. ‘आत्ताच्या पानात कुणीच कुणाशी बोलत नाही; पुस्तकभर असंच आहे का?’ हा प्रामाणिक प्रश्न आहे. वाचल्याचं सोंग करून विचारलेला प्रश्न लेखकाला पहिल्या पाच शब्दांत ओळखू येतो.

‘प्रकाशक कसा मिळवलात?’ हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नये असं माझं मत आहे. कार्यक्रम पुस्तकाचा असतो आणि त्या प्रश्नाने तो सल्ला केंद्र होऊन बसतो. नंतर, थोडी ओळख झाल्यावर, जरूर विचारा.

पुस्तकांचं टेबल आणि सहीची रांग

प्रत्येक कार्यक्रमाला पुस्तक घ्यायलाच हवं असं नाही. खिसा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि वर्षभर कार्यक्रमांना जाणाऱ्याने सगळी पुस्तकं घ्यायची ठरवली तर घर कमी पडेल. न घेता निघालात तर त्यात काही लाजिरवाणं नाही. ग्रंथालयात त्या पुस्तकाची मागणी नोंदवा, तीही मदतच. पण एक गोष्ट करू नका : टेबलाशी उभं राहून मुखपृष्ठाचा फोटो काढायचा आणि तिथल्या तिथे फोनवर दुसरीकडे स्वस्तात मागवायचं. टेबलामागच्या माणसाने त्या प्रती वाहून आणलेल्या असतात, उरलेल्या परत न्यायच्या असतात, आणि असे कार्यक्रम टिकतात ते त्या टेबलावरच्या विक्रीवर. घ्यायचंच असेल तर तिथे घ्या.

सहीच्या रांगेत उभं राहण्याआधी एका चिठ्ठीवर आपलं नाव ठळक अक्षरांत लिहा आणि ती शीर्षकपानाशी घाला. ओळखीतलीच वाटणारी नावंसुद्धा लोक वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितात, आणि शंभरावी सही करणाऱ्या लेखकाला गोंगाटात नाव नीट ऐकू येत नाही. सही बहुधा शीर्षकपानावर करतात. तेच पान उघडून पुढे करा. भेट द्यायचं असेल तर ज्याला द्यायचंय त्याचं नाव सांगा, नाहीतर ‘नुसती सही पुरे’ म्हणा. जुनी पुस्तकं घरून आणली असतील तर एक किंवा दोनच काढा, तीही नवं घेतलं असेल तर. पिशवी उपडी करू नका, मागे माणसं उभी असतात. शाईचं पेन असेल तर सही वाळू द्या आणि मगच पुस्तक मिटा.

बोलायला मिळतं अर्धं मिनिट. त्यात एक नेमकी गोष्ट सांगा : कोणतं पान, कोणती ओळ, कोणतं पात्र मनात राहिलं. ‘फार छान’ हे लेखकाच्या कानावरून घसरून जातं. वाचलेलं नसेल तर ‘आज ऐकून घेतलंय, आता वाचेन’ म्हणा. ते खरं असतं आणि त्याला पुरतं. स्वतःची संहिता, पेन ड्राइव्ह, ‘माझ्या कविता बघाल का?’ यांतलं काहीही रांगेत काढू नका. लेखक नाही म्हणू शकत नाही अशा ठिकाणी त्याला पकडल्यासारखं होतं, आणि असं घेतलेलं हस्तलिखित वाचलं जाण्याची शक्यता फारच कमी. आपण लिहितो हे सांगायचं असेल तर त्याने विचारल्यावर एका वाक्यात सांगा.

रांगेत तुमच्या पुढे-मागे उभी असलेली माणसं मात्र बोलायला मोकळी असतात. दोघांच्या हातात एकच पुस्तक असतं, विषय आयताच असतो. या संध्याकाळची खरी ओळख बहुधा इथेच होते, मंचावरच्या माणसाशी नाही.

खुल्या मंचावर वाचायचं असेल तर

पहिल्या वेळी नुसतं ऐका. यादी कशी करतात, वेळ किती देतात, श्रोते कसे आहेत हे कळतं. दुसऱ्या वेळी लवकर जाऊन नाव नोंदवा.

वेळेबद्दल मी कडक आहे. पाच मिनिटं दिली असतील तर घरी घड्याळ लावून, मोठ्याने, सावकाश वाचून चार मिनिटांत बसणारं काहीतरी न्या. मनात वाचताना लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ मोठ्याने वाचायला लागतो, शिवाय प्रास्ताविक त्यातच धरायचं. १९८०च्या दशकात शिकागोमध्ये मार्क स्मिथ यांनी ‘पोएट्री स्लॅम’ ही कवितांची स्पर्धा सुरू केली. तिच्या रूढ नियमांप्रमाणे एका सादरीकरणाला ३ मिनिटं आणि वर १० सेकंदांची सवलत मिळते, त्यापुढे गुण कापले जातात. आपल्याकडे गुण कापणारं कुणी नसतं, म्हणून ‘अजून एकच छोटी कविता’ म्हणत पंधरा मिनिटं मंच अडवणारे निपजतात. तुमची जास्तीची मिनिटं यादीत शेवटी असलेल्याच्या वाट्यातून जातात, आणि शेवटी बहुधा सगळ्यांत नवखा असतो.

प्रास्ताविक दोन वाक्यांचं असावं. कवितेचा अर्थ आधी सांगून टाकलात तर कविता वाचायची कशाला? ‘नीट जमलेली नाही, सांभाळून घ्या’ हेही नको. श्रोत्यांना ती कदाचित जमलेली वाटेल. कागदावर मोठ्या अक्षरात, ओळींत मोकळी जागा सोडून छापून न्या. फोनवरून वाचलं की पडदा मध्येच काळा होतो, नेमका चांगल्या ओळीला.

आणि वाचून झाल्यावर निघून जाऊ नका. खुल्या मंचाच्या मंडळींत दुसरं काहीही खपतं, हे खपत नाही. तुमचं ऐकायला बाकीचे बसले होते. शेवटचं नाव पुकारून होईपर्यंत बसा. खरंच निघावं लागणार असेल तर सूत्रसंचालकाला आधी सांगून पहिल्या चार-पाचांत नाव घ्या आणि दोन वाचकांच्या मधल्या टाळ्यांत उठा.

ऑनलाइन कार्यक्रम

माइक बंद, नाव खरं, प्रश्न लेखी आणि दोन ओळींत. कॅमेरा चालू ठेवता आला तर ठेवा; काळ्या चौकोनांसमोर कविता वाचणं फार कठीण जातं.

पैशांचा सापळा ओळखा

अशा वर्तुळांच्या कडेला काही धूर्त माणसंही असतात. खुल्या मंचावर वाचल्यानंतर आठवड्याभरात ‘आपल्या कवितेची प्रातिनिधिक संग्रहासाठी निवड झाली आहे’ असा निरोप येतो आणि खाली लिहिलेलं असतं की अमुक इतक्या प्रती विकत घेणं बंधनकारक आहे. किंवा पुरस्कार जाहीर होतो आणि तो स्वीकारायला नोंदणी शुल्क लागतं. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात गैर काही नाही, अनेकांनी ते उत्तम केलं आहे. पण मग त्याला स्वखर्चच म्हणावं. निवड आणि सन्मान यांच्या वेष्टनात गुंडाळून मागितलेला पैसा देऊ नये. शंका आली तर तुमच्याच गटातल्या दोन जुन्या माणसांना विचारा. एवढ्यासाठी तरी गट असावा.

घरी आल्यावर

दोन-तीन दिवसांत दोन कामं करावीत. ज्यांच्याशी बोललात त्यांना चार ओळींचा निरोप, ज्यात बोलणं काय झालं होतं ते असेल : ‘तुम्ही सांगितलेला तो कथासंग्रह ग्रंथालयात मिळाला.’ आणि आयोजकांना एक आभाराची ओळ. त्यांना तक्रारी ढिगाने येतात, आभार क्वचितच.

तिसरं काम सावकाशीने करायचं : पुस्तक वाचायचं आणि त्यावर चार शब्द लिहायचे. कुठेही चालेल, परिच्छेदभरही चालेल. छोट्या गावातल्या छोट्या प्रकाशनाच्या पुस्तकावर वृत्तपत्रांत परीक्षणं येत नाहीत, त्यामुळे साध्या वाचकाने लिहिलेले दोन परिच्छेद लेखक जपून ठेवतो. कौतुकच करायला हवं असं नाही. ‘मधली चाळीस पानं रेंगाळली, पण पत्रांचं प्रकरण मी दोनदा वाचलं’ हे कोरड्या स्तुतीपेक्षा कितीतरी मोलाचं. पुस्तक अजिबातच आवडलं नाही तर गप्प बसायची मुभा तुम्हाला आहे; ओळखीच्या लेखकाबद्दल खोटं लिहायची सवय लागली की हळूहळू तुमच्या खऱ्या शब्दालाही वजन राहत नाही.

चार-सहा महिने हे चाललं की आमंत्रणं आपोआप यायला लागतात, आणि मग प्रश्न उलटा होतो : सगळीकडे जायचं का? नाही. लिहिण्याची संध्याकाळ मोडून जाण्यासारखा कार्यक्रम महिन्याला एक, फार तर दोन. बाकीच्यांना त्याच दिवशी ‘जमणार नाही, पुस्तक जरूर वाचेन’ असं कळवून टाका. ‘बघतो, प्रयत्न करतो’ म्हणू नका. आयोजक तुमची खुर्ची मांडून बसतात.